पुरात भिजलेली यादी : चाळीसगावच्या एका मेडिकलमध्ये काय काय होतं

आजचा भाग ऐकता ऐकता एक काम करा. घरातला औषधांचा डबा उघडा. तोच तो, बिस्किटांचा जुना डबा. त्यात अर्ध्या कापलेल्या स्ट्रिप्स असतील, एक बाम असेल, झाकण चिकटून बसलेली खोकल्याची बाटली असेल, आणि एखादी गोळी अशी असेल की ती कुणाची आणि कशाची हे घरात कुणालाच सांगता येणार नाही. डबा समोर ठेवा. मी तुम्हाला अशाच एका मोठ्या डब्याची गोष्ट सांगते.

३० ऑगस्ट २०२१ ची रात्र. चाळीसगावच्या दक्षिणेला सातमाळ्याच्या डोंगरात भयंकर पाऊस झाला. कन्नड घाटात दरडी कोसळल्या, आणि ३१ तारखेला सकाळी तितूर आणि डोंगरी या दोन्ही नद्या गावात शिरल्या. माझ्या मामाचं मेडिकल नदीपासून फार लांब नाही. गिऱ्हाईकं मामाला 'नाना' म्हणतात, म्हणून या भागात मीही कधी मामा म्हणेन, कधी नाना. पाणी दुकानात कमरेपर्यंत चढलं. ओसरलं तेव्हा आत गुडघाभर गाळ, आणि त्या गाळात औषधं.

विमा कंपनीचा माणूस आला, फोटो काढले आणि म्हणाला, "यादी द्या. नाव, बॅच नंबर, नग, खरेदी किंमत." मामाचा कम्प्युटर काउंटरच्या खाली असायचा, तो तर गेलाच होता. मग मी पुण्याहून गेले. चार दिवस फुटपाथवर प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसून रजिस्टरमध्ये यादी लिहिली. मामा गाळातून एकेक वस्तू काढून पुसायचा, नाव ओरडायचा, मी लिहायचे. आयुष्यभर या दुकानात येत-जात होते, पण इथे नक्की काय काय ठेवलेलं असतं हे मला त्या चार दिवसांत कळलं. आणि मी इतिहासाची विद्यार्थिनी असल्यामुळे प्रत्येक ओळीला मला एकच प्रश्न पडत होता : हे इथे कधी आलं?

दुसऱ्या दिवशी दुपारी आणखी एक माणूस आला. मोटारसायकलवरून. गाळ टाळत उभा राहिला आणि म्हणाला, "नाना, लिहीत कशाला बसले? सगळा लॉट मी घेतो. धुवून, पुसून, वाळवून. पाव किमतीत." मामा त्याला 'नाही' म्हणाला नाही. म्हणाला, "उद्या सांगतो."

हा माणूस लक्षात ठेवा. त्याच्याकडे परत येऊ.

आधी दुकानाची रचना सांगते, कारण पुरात काय गेलं आणि काय वाचलं ते त्या रचनेनं ठरवलं. मेडिकलमध्ये जड माल खाली असतो. सिरप, टॉनिक, अँटासिडच्या बाटल्या, सलाइन. हे सगळं गेलं. मधल्या फळ्यांवर गोळ्यांच्या स्ट्रिप्स, कंपनीवार किंवा इंग्रजी अक्षरांप्रमाणे लावलेल्या. त्यातल्या निम्म्या गेल्या. वर कापूस, बँडेज, सुया, कॅथेटर, म्हणजे ज्याला धंद्यात 'सर्जिकल' म्हणतात ते. ते वाचलं. समोर काउंटरवर बाम, कफाच्या गोळ्या, सॅनिटरी पॅड, बेबी पावडर. एका बाजूला आयुर्वेदिक. मागे ड्रॉवरमध्ये 'जनरिक'. आणि कोपऱ्यात स्टुलावर फ्रिज. फ्रिजला पाण्याचा थेंबही लागला नव्हता. पण लाइट गेलेली होती, आणि इन्सुलिनला २ ते ८ अंश तापमान लागतं. त्यामुळे कोरडं ठणठणीत इन्सुलिन यादीत सगळ्यात आधी लिहावं लागलं.

आता इतिहास. सगळ्यात जुना थर आयुर्वेदिक कप्प्याचा. जुना म्हणजे चरक-सुश्रुतांच्या काळचा असं मी म्हणत नाहीये. बाटलीत भरून, लेबल लावून, रेल्वेनं गावोगाव जाणारं आयुर्वेदिक औषध ही एकोणिसाव्या शतकातली गोष्ट आहे. पनवेलचं धूतपापेश्वर १८७२ चं. अमृतांजन मुंबईत १८९३ मध्ये सुरू झालं. झंडू १९१० चं. चाळीसगावातून जीआयपी रेल्वे १८६० च्या दशकातच गेली होती, १९०० मध्ये धुळ्याचा फाटाही निघाला आणि गाव जंक्शन झालं. मुंबईत भरलेली बाटली दुसऱ्या दिवशी इथे उतरू शकत होती. वैद्याच्या घरच्या खलबत्त्यातलं औषध आणि दुकानातलं औषध यांच्या वाटा तेव्हापासून वेगळ्या झाल्या.

इथे एक माणूस मला भेटतो, आणि तो औषधांच्या नाही तर गणिताच्या वाटेनं चाळीसगावला आलेला आहे. गावाजवळचं पाटण तुम्हाला माहीत असेल, पाटणादेवीचं. तिथल्या देवळात भास्कराचार्यांच्या घराण्याचा शिलालेख आहे. त्यांच्या नातवानं, चांगदेवानं, आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी तिथे मठ काढला, त्याचा तो लेख. एकोणिसाव्या शतकात तो विद्वानांपुढे आणला डॉ. भाऊ दाजी लाड यांनी. मुंबईत ज्यांच्या नावाचं संग्रहालय आहे तेच. पण भाऊ दाजी पेशानं डॉक्टर होते. ग्रँट मेडिकल कॉलेजमधून १८५१ मध्ये बाहेर पडलेल्या पहिल्या तुकडीतले. आणि त्यांची डॉक्टर म्हणून ख्याती कशासाठी होती? कुष्ठरोगावर ते एक देशी औषध देत, कडू कवठाच्या बियांचं तेल. पाश्चात्त्य वैद्यक शिकलेला माणूस इथल्या झाडाची बी घेऊन रुग्णांवर तपासून बघतोय! त्याच जातीच्या झाडांची तेलं पुढे कितीतरी वर्षं जगभर कुष्ठरोगावर वापरली गेली, १९४० च्या दशकात सल्फोन गटाची औषधं येईपर्यंत. आयुर्वेदिक विरुद्ध अ‍ॅलोपॅथिक असं भांडण सोशल मीडियावर पेटतं तेव्हा मला हटकून भाऊ दाजी आठवतात.

यादीत आयुर्वेदिक बाटल्या लिहिताना मामा एक मजेशीर गोष्ट बोलला. "या कप्प्याला परवाना लागत नाही." खरं आहे. आपल्याकडे आयुर्वेदिक औषध बनवायला परवाना लागतो, विकायला लागत नाही. म्हणून तीच बाटली किराणा दुकानातही दिसते. अ‍ॅलोपॅथिक औषध विकायचं तर फॉर्म २० आणि फॉर्म २१ हे दोन परवाने हवेत. दुसरा मुख्यतः लस, सिरम, इन्सुलिन असल्या जैविक औषधांसाठी. मामाचे दोन्ही परवाने फ्रेम करून भिंतीवर उंच टांगलेले होते. दुकान बुडालं, परवाने कोरडे.

आसव-अरिष्टांचा विषय निघाला की दारूबंदीचा किस्सा सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. चाळीसगाव तेव्हा मुंबई राज्यातल्या पूर्व खानदेश जिल्ह्यात. १९४९ मध्ये मुंबई राज्यानं दारूबंदी कायदा केला, आणि 'मद्य' या शब्दाची व्याख्या इतकी रुंद केली की अल्कोहोल असलेलं कुठलंही द्रव त्यात बसलं. मग टिंक्चर? ऑ द कोलोन? खोकल्याचं औषध? फ्राम बलसारा नावाच्या मुंबईच्या एका पारशी गृहस्थांनी कायद्यालाच आव्हान दिलं. २५ मे १९५१ ला सर्वोच्च न्यायालयानं निकाल दिला : दारूबंदी योग्य, पण अल्कोहोल असलेली औषधं आणि प्रसाधनं यांना ती लावता येणार नाही. घटनेच्या वर्गात बलसारा खटला शिकवतात, कारण त्यात मोठेमोठे घटनात्मक मुद्दे आहेत. मला मात्र तो आपल्या मेडिकलच्या फळीचा खटला वाटतो. औषध कुठे संपतं आणि दारू कुठे सुरू होते हा प्रश्न दुकानदारासमोर रोज उभा असतो. ठरावीक गिऱ्हाईक रोज संध्याकाळी ठरावीक बाटली का मागतं, हे त्याला पक्कं माहीत असतं.

दुसरा थर कडू आहे. माझी आजी, म्हणजे मामाची आई, क्विनाइनला 'कोयनेल' म्हणायची. हिवतापावरचं एकमेव भरवशाचं औषध. इंग्रज सरकारनं १८९२ पासून बंगालमध्ये, आणि मग इतर प्रांतांतही, पोस्टातून क्विनाइनच्या पैशा-पैशाच्या पुड्या विकल्या. विचार करा, खेड्यापाड्यातल्या लोकांना विलायती औषध मिळण्याची पहिली जागा मेडिकल नव्हती, पोस्ट होतं! पण जिथे मागणी तिथे भेसळ. बाजारात क्विनाइनच्या अशा गोळ्या फिरायला लागल्या की ज्यांत लिहिलेल्या मात्रेइतकं क्विनाइनच नसायचं. ओरड झाली. १९३० मध्ये कर्नल रामनाथ चोप्रा यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती बसली, १९३१ मध्ये तिनं अहवाल दिला. सारांश असा की या देशात कुणीही, काहीही, औषध म्हणून विकू शकतो आणि त्याला अडवणारा कायदा नाही. त्या अहवालातून १९४० चा औषध कायदा आला, १९४५ चे नियम आले, आणि १९४८ मध्ये फार्मसी कायदा आला. काउंटरच्या मागे नोंदणीकृत फार्मासिस्ट असलाच पाहिजे हे तिथून सुरू झालं.

त्याआधी आणि त्यानंतरही बरीच वर्षं खरा कारभार कंपाउंडरच्या हातात होता. तुमच्या आजी-आजोबांना विचारा. डॉक्टरकडे जाताना घरून रिकामी बाटली न्यायची. कंपाउंडर मोठ्या बरणीतून लाल किंवा गुलाबी मिक्श्चर भरून द्यायचा आणि बाटलीवर खाचा पाडलेली कागदाची पट्टी चिकटवायचा. एक खाच म्हणजे एक डोस. औषधाला नाव नव्हतं, कंपनी नव्हती, एक्सपायरी नव्हती. 'लाल औषध' एवढंच. अजूनही दुकानात एखादी म्हातारी येते आणि म्हणते, "भाऊ, माले ती लाल गोयी दे." मामाला कळतं तिला कुठली हवी ते. बहुतेक वेळा ती रक्तवाढीची असते.

मग आला तो थर ज्यानं दुकानाचं रूपच बदललं. अँटिबायोटिक. पुण्याजवळ पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना १९५४ मध्ये स्थापन झाला, जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफच्या मदतीनं, आणि १९५५ पासून तिथे पेनिसिलीन बनू लागलं. न्यूमोनिया, सडलेली जखम, बाळंतपणानंतरचा ताप, ज्यांनी माणसं हटकून मरायची ते आजार बरे व्हायला लागले. पुढे १९७० चा पेटंट कायदा आला, १९७२ पासून लागू झाला. त्यानं औषधाच्या रेणूवर नाही, फक्त बनवण्याच्या पद्धतीवर पेटंट ठेवलं. म्हणजे दुसऱ्या पद्धतीनं बनवता आलं तर बनवा. देशी कंपन्यांनी बनवलं, आणि एकाच औषधाची दहा-वीस-पन्नास नावं फळीवर आली. माझ्या यादीत एकट्या पॅरासिटामॉलच्या इतक्या ओळी झाल्या की मी कंटाळून मामाला म्हटलं, "एकच लिहू का?" तर तो म्हणाला, "लिही गं सगळ्या. समोरचा डॉक्टर एक लिहितो, चौकातला दुसरं लिहितो. माझ्याकडे दोन्ही नको?" मेडिकलमध्ये कुठला माल असावा हे दुकानदार ठरवत नाही. दुकानाच्या पाचशे पावलांतले डॉक्टर ठरवतात. डॉक्टर दवाखाना हलवून गेला तर त्याचा माल फळीवर पडून एक्सपायर होतो.

पण अँटिबायोटिकची गोष्ट एवढी गोड नाही. माझी एक आत्या आहे, धुळ्याची. ती हसताना तोंडावर पदर घेते. मला लहानपणी वाटायचं, लाजाळू आहे. तिचे दात तपकिरी आहेत, आडव्या पट्ट्यांचे. तिला लहानपणी सारखा ताप यायचा आणि दर वेळी टेट्रासायक्लिन दिलं जायचं. पक्के दात हिरड्यांच्या आत तयार होत असताना हे औषध त्यांत जाऊन बसतं आणि डाग कायमचा राहतो. म्हणून आठ वर्षांखालच्या मुलांना ते शक्यतो देत नाहीत. हे तिच्या लहानपणी जगाला माहीत नव्हतं असं नाही. तिच्या गावच्या काउंटरपर्यंत पोचलं नव्हतं. त्या काळी टेट्रासायक्लिनमध्ये व्हिटॅमिन सी मिसळूनही विकायचे, टॉनिकात स्ट्रिक्निन म्हणजे कुचल्याचं विष असायचं. जुलै १९८३ मध्ये केंद्र सरकारनं बंदी घातलेल्या औषधांची यादी काढली, तेव्हा ही दोन्ही मिश्रणं त्यात होती. आत्या तोपर्यंत कॉलेजात गेली होती. ती ग्रुप फोटोत आजही ओठ मिटून उभी असते.

मिश्रणांचा हा रोग नंतरही गेला नाही. सर्दीची एक गोळी घ्या आणि मागची बारीक अक्षरं वाचा. ताप, नाक, खोकला, अ‍ॅलर्जी, सगळ्यांची औषधं एकाच गोळीत. काही मिश्रणं शहाणपणाची असतात, क्षयरोगाची औषधं एकत्र देणं त्यातलंच. पण बरीचशी निव्वळ विकण्यासाठी. बेळगावच्या केएलई विद्यापीठाचे कुलगुरू राहिलेले डॉ. चंद्रकांत कोकाटे यांच्या समितीनं ही मिश्रणं तपासली, आणि १० मार्च २०१६ ला एका दिवसात ३४४ मिश्रणांवर बंदी आली. मामा सांगतो, त्या आठवड्यात रोज टीव्ही लावून बसायचो आणि फळीवरून खोकी उतरवायचो. कॉरेक्ससारखं घराघरांतलं नाव त्यात होतं. मग कंपन्या कोर्टात गेल्या, डिसेंबरमध्ये दिल्ली उच्च न्यायालयानं बंदी उठवली, खोकी परत वर. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं, पुन्हा तपासणी झाली, आणि सप्टेंबर २०१८ मध्ये ३२८ मिश्रणं पुन्हा बंद. खोकी परत खाली. "दोन वर्षं नुसती चढ-उतार," मामा म्हणाला. त्याच्या बोलण्यात वैताग जास्त होता. मला मात्र हे विचारावंसं वाटलं की वर असताना ती किती जणांच्या पोटात गेली. विचारलं नाही.

कुलूपबंद कपाटाची यादी छोटी होती, पण लिहायला वेळ सगळ्यात जास्त लागला. शेड्यूल एच-१. मार्च २०१४ पासून ४६ औषधं या यादीत टाकली गेली : काही भारी अँटिबायोटिक, क्षयरोगाची औषधं, आणि सवय लावणारी झोपेची-चिंतेची औषधं. यांचं वेगळं रजिस्टर ठेवायचं, डॉक्टरचं नाव, पेशंटचं नाव, नग, सगळं, आणि ते तीन वर्षं जपायचं. हे नियम कशासाठी, ते आपल्या भागात समजावून सांगावं लागत नाही. मालेगाव-धुळ्याकडे 'कुत्ता गोळी' हा शब्द तुम्ही ऐकला असेल. ती म्हणजे अल्प्राझोलाम. घाबरं होणाऱ्या माणसासाठी असलेली गोळी पोरं नशेसाठी मूठभर खातात. मामाकडे अशी पोरं येतात. तो त्यांना नावानं ओळखतो, कारण त्यांच्या आयांना तो बीपीच्या गोळ्या देतो.

आणि एक कप्पा असा होता की माझा विश्वासच बसला नाही. जनावरांची औषधं. गाय-बैल बसले की शेतकरी मेडिकलमध्येच येतो. इथे माणसाचं आणि जनावराचं औषध फार जवळ जवळ असतं, आणि त्या जवळिकीनं गिधाडं मारली. डायक्लोफिनॅक, आपलं अंगदुखीचं इंजेक्शन, जनावरांना द्यायचे. असं जनावर मेलं की त्याचं मांस गिधाडं खायची आणि त्यांची मूत्रपिंडं निकामी व्हायची. हे कोडं २००४ मध्ये सुटलं. भारतात २००६ मध्ये जनावरांसाठीच्या डायक्लोफिनॅकवर बंदी आली. पण माणसांसाठीच्या मोठ्या कुप्या बाजारात होत्याच. त्याच कुपीतून बैलाला टोचायचं. शेवटी जुलै २०१५ मध्ये माणसांच्या डायक्लोफिनॅकची मोठी कुपीच बंद केली, एका डोसची ३ मिलीचीच ठेवली. ३ मिलीनं बैलाला काय होणार! लोकांना उपदेश करण्यापेक्षा बाटलीचं माप बदललं, हा सरकारी उपाय मला फार आवडतो.

आता पैशाचं. विम्याच्या यादीत खरेदी किमतीचा रकाना होता. तिसऱ्या दिवशी जनरिकचा ड्रॉवर आला आणि मामानं त्या रकान्यावर हात ठेवला. "हे मी लिहितो," म्हणाला. पण मी पाहिलं होतं. छापील किंमत खरेदीच्या तिप्पट-चौपट. सरकारच्या आवश्यक औषधांच्या यादीत जे येतं, त्याची कमाल किंमत २०१३ च्या आदेशानुसार ठरते. बाजारातल्या मुख्य ब्रँडच्या किमतींची सरासरी काढून त्यावर दुकानदाराला १६ टक्के. हे झालं नावाजलेल्या ब्रँडचं. ड्रॉवरमधल्या जनरिकवर कंपनी छापील किंमत त्या कमाल मर्यादेपर्यंत नेते आणि दुकानदाराला कवडीमोलानं देते. फायदा पेशंटला व्हायला हवा, होतो दुकानाला. सरकारनं २००८ पासून जनऔषधी दुकानं काढली ती याच्यावर उपाय म्हणून. मी मामाला काही बोलले नाही, तोच बोलला. "उधारी किती आहे ती पण लिही ना मग. त्याला रकाना नाही तुझ्या यादीत." दोघंही बरोबर होतो बहुतेक. त्या दुपारी आम्ही चहा न बोलता प्यायलो.

पुरानंतर सगळ्यात आधी काय संपलं माहितीये? ओआरएस. गावभर जुलाब. साखर, मीठ आणि पाण्याचं हे साधं मिश्रण डॉ. दिलीप महालनबीस यांनी १९७१ मध्ये बांगलादेशी निर्वासितांच्या बनगावच्या छावणीत, सलाइन संपल्यावर, पिंपांत कालवून पाजलं आणि कॉलऱ्याचे मृत्यू झपाट्यानं खाली आणले. आमच्या यादीतला तो सगळ्यात स्वस्त माल होता आणि सगळाच्या सगळा खालच्या फळीवर होता.

आता तो मोटारसायकलवाला. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी परत आला. म्हणजे 'उद्या सांगतो'चा उद्या. या वेळी म्हणाला, "नाना, स्ट्रिपला काय होतंय? ती तर बंद असते. खोकं बदललं की झालं." त्याचं म्हणणं ऐकायला खोटं वाटत नाही, हाच घोळ आहे. पुसलेली स्ट्रिप खरंच नव्यासारखी दिसते. पण गटाराचं पाणी तिच्या बारीक फटीतून आत गेलं का, दोन दिवस उन्हात गाळाखाली तापून आतल्या औषधाचं काय झालं, हे डोळ्यांनी कळत नाही. औषधात जे दिसत नाही त्यानंच माणूस मरतो.

मुंबईत हे घडलेलं आहे. १९८६ च्या सुरुवातीला जेजे रुग्णालयात मेंदूच्या आणि डोळ्यांच्या आजारांच्या काही पेशंटना ग्लिसरॉल पाजलं गेलं. डोक्यातला, डोळ्यांतला दाब उतरवण्याचं नेहमीचं औषध. पेशंटची लघवी बंद होत गेली आणि १४ जण मूत्रपिंडं निकामी होऊन गेले. ग्लिसरॉलमध्ये डायइथिलीन ग्लायकॉल निघालं. दिसायला तसंच, चवीला गोड, कारखान्यात वापरायचं रसायन. न्यायमूर्ती बख्तावर लेंटिन यांचा आयोग बसला. त्यांनी रुग्णालय, औषध प्रशासन आणि मंत्र्यांपर्यंत सगळ्यांना उघड्यावर आणलं. त्यानंतर जवळजवळ चाळीस वर्षांनी, २०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये, मध्य प्रदेशातल्या छिंदवाड्याला वीसहून जास्त लहान मुलं खोकल्याच्या औषधानं दगावली. कित्येकांना उपचारांसाठी आपल्या नागपूरला आणलं होतं. बाटलीत निघालं तेच डायइथिलीन ग्लायकॉल.

२०२१ च्या त्या संध्याकाळी छिंदवाडा घडायचं होतं. पण मामा १९८६ मध्ये फार्मसीचा डिप्लोमा करत होता. त्यांच्या वर्गात जेजेच्या बातम्यांची कात्रणं फिरायची. तो मोटारसायकलवाल्याला म्हणाला, "तुझा पोरगा केवढा आहे रे?" तो म्हणाला, "दुसरीत." मामा म्हणाला, "मग तू जा." एवढंच. मी रात्रभर घाबरले होते की मामा हो म्हणतो की काय. घरावर कर्ज होतं, पाव किंमत म्हणजे थोडी रक्कम नव्हती, आणि विम्याचं काही खरं नव्हतं. त्याला एक दिवस लागला, हे मी मुद्दाम सांगतेय. नंतर कळलं, तो माणूस आणखी काही दुकानांत जाऊन आला होता. तिथे त्याला काय उत्तर मिळालं ते मामानं मला सांगितलं नाही.

चौथ्या दिवशी यादी संपली. मग मामा, मामी, दुकानातला पोऱ्या आणि मी कात्र्या घेऊन बसलो. प्रत्येक स्ट्रिप मधोमध कापायची, गोळ्यांसकट, म्हणजे कुणाला ती परत खोक्यात भरता येणार नाही. बाटल्यांची लेबलं फाडायची, झाकणं फोडायची. माझ्या अंगठ्याला फोड आला. मामी म्हणाली, "आयुष्यभर याला स्ट्रिपा कापताना पाहिलं, पण चार गोळ्या मागणाऱ्यासाठी." त्यावर मामानं तिला आणि मला एक गोष्ट शिकवली, तुम्हीही लक्षात ठेवा. चार गोळ्या कापून देताना बॅच नंबर आणि एक्सपायरीचा तुकडा दुकानानं शेवटपर्यंत राखायचा असतो. तुम्हाला मिळालेल्या तुकड्यावर तारीख नसेल तर बिल मागा, त्यावर असते. आता समोरच्या डब्यातल्या स्ट्रिप्स बघा. कितींवर तारीख आहे?

विम्याचे पैसे आले, मागितल्यापेक्षा बरेच कमी आणि बऱ्याच उशिरा. दुकान दिवाळीच्या आधी पुन्हा उघडलं. फळ्या नव्यानं ठोकल्या. फ्रिजसाठी इन्व्हर्टर घेतला आणि तो छताजवळ बसवला. सिरप आता छातीच्या उंचीवर असतात, काढताना मामाला जड जातं. ओआरएस सगळ्यात वर. खालच्या फळीवर काय ठेवायचं यावर मामा-मामीचं दोन दिवस भांडण चाललं. शेवटी तिथे लहान मुलांचे डायपर ठेवले. मामी म्हणाली, "भिजायलाच असतात ते."